नगरचे बंदर

आमच्या गावचा एक माजी विद्यार्थी मालवाहू जहाजावर फिटर आहे. शाळेत असताना व्याकरणात कच्चा, पण गोष्टी सांगण्यात पटाईत. मध्यंतरी त्याचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. जहाज जर्मनीच्या उत्तरेकडच्या हॅम्बुर्ग बंदरात लागले होते.

"सर, अस्सलामु अलैकुम. इथून समुद्र शंभरेक किलोमीटर लांब आहे. एल्बे नावाच्या नदीतून जहाजं आत येतात. समुद्र नाही तरी एवढं मोठं बंदर! आपल्या नगरला का नाही असं काही?" मागून त्याचे सोबती हसत असावेत.

मी उत्तर पाठवले, "नगरलाही बंदर होतं बाळा. परत आलास की सांगतो."

त्याला ती थट्टा वाटली. तिसगावात बसून बंदराची गोष्ट काढणे म्हणजे थट्टाच. पाथर्डी तालुक्यातले आमचे गाव. उन्हाळा आला की टँकरची वाट पाहायची आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या गाड्या मोजायच्या, हा आमचा पाण्याचा आणि प्रवासाचा अनुभव. पण गावावरून जो हमरस्ता जातो त्याला लोक कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात. म्हणजे एक टोक अरबी समुद्राच्या खाडीला आणि दुसरे बंगालच्या उपसागराला. आम्ही मधोमध कोरडे बसलो आहोत, एवढेच.

हा निरोप आला त्याच सुमारास वर्गात एक प्रश्न निघाला होता. आमच्या परिसरातल्या एका यात्रेत दुकाने कोणी लावावीत आणि कोणी लावू नयेत, यावरून वाद झाला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील यात्रा-उरुसांतून बांगड्या आणि खेळणी विकतात. तिने मधल्या सुट्टीत विचारले, "सर, आपण बाहेरून आलो का?" मी तिला डबा खायला पाठवले. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो असेच करतो.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गावाच्या इतिहासात आहे, हे मला नंतर सुचले. ते गाव म्हणजे चौल.

एका गावाची अनेक नावे

चौल आज रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात आहे. अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागले की नारळ-सुपारीच्या वाड्यांत विखुरलेले हे गाव लागते. त्याला लागूनच कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. आजच्या प्रवाशाला तिथे समुद्रकिनारा आणि मासळीचे जेवण आठवते. दीड हजार वर्षांहून अधिक काळ मात्र हे पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते.

गाव किती जुने आणि किती लोकांच्या वाटेवरचे, हे त्याच्या नावांवरून कळते. पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणनंतर 'सेमुल्ला' येते. टॉलेमीने ते 'सिमुल्ला' असे लिहिले. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांत 'चेमुल' आहे. अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटले, एका रशियन प्रवाशाने 'चिविल', आणि स्थानिक परंपरेत ते चंपावती. ज्याने माल आणला त्याने आपल्या जिभेला जमेल तसे नाव ठेवले. गावाने कोणाचेच नाव परत केले नाही.

दहा हजार मुसलमान

हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास बगदादचा एक विद्वान प्रवासी इथे उतरला. नाव अल्-मसऊदी. इस्लामी जगातल्या मोठ्या इतिहासकारांत त्याची गणना होते. तेव्हा दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते. अरब लेखक त्यांच्या राजाला 'बल्हरा' म्हणत, म्हणजे वल्लभराज. कोकणात राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून शिलाहार राज्य करीत होते. मसऊदीने इथल्या राजाचे नाव 'जंजा' असे दिले आहे. तो शिलाहार राजा झंझ.

मसऊदी लिहितो की सैमूरमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले व्यापारी आहेत, ज्यांनी इथेच लग्न करून घर मांडले. आणि दुसरे आहेत इथेच जन्मलेले. त्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. उर्दू जाणणाऱ्यांना त्यात 'हुनरमंद' हा शब्द लगेच ऐकू येईल. बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे आणि त्यांच्या मशिदी आहेत, असेही त्याने नोंदवले आहे.

कोणी म्हणेल, मसऊदी मुसलमान होता, तो आपल्या लोकांविषयी चांगलेच लिहिणार. मग तांब्यावर कोरलेली साक्ष पाहू. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा संस्कृत ताम्रपट सापडला. त्यात संयान, म्हणजे आजच्या संजाणच्या प्रदेशावर नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आहे मधुमती. तो 'ताजिक' म्हणजे अरब होता. मुहम्मद या नावाचे ते संस्कृत रूप. या मधुमतीने नदीवर फुकट तरी चालवल्या आणि अन्नछत्र घातले, असे ताम्रपट सांगतो. एवढेच नव्हे, देवीच्या मठासाठी दिलेल्या दानालाही त्याची संमती होती.

मसऊदी सैमूरला आला त्यानंतर साधारण ३८० वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीचे सैन्य देवगिरीवर आले. आमच्या पाठ्यपुस्तकी आठवणीत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची गोष्ट त्या दिवशी सुरू होते. घोड्यावर बसून, तलवार उपसून. पण त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी चौलला बाजारात तराजू घेऊन मुसलमान बसले होते. त्यांना बसायची जागा हिंदू राजाने दिली होती आणि त्यांचा न्यायनिवाडा त्याच राजाच्या नेमणुकीने चालत होता.

राजा काही भाबडा नव्हता. दूरचा व्यापारी एकदा येऊन माल विकून गेला तर एकदाच जकात मिळते. तो घर करून राहिला, तर त्याच्या ओळखीने दहा जहाजे येतात. म्हणून बंदराला पाण्याची खोली जितकी लागते, तितकीच परक्या माणसाला सांभाळायची रीतही लागते.

घोड्याची किंमत आणि धर्माची अट

हे सगळे सांगताना चौलचे चित्र गोड गोड करून टाकण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. म्हणून दुसरा प्रवासी आठवतो.

सुमारे १४७० च्या आसपास त्वेर या रशियन गावचा व्यापारी अफानासी निकितीन होर्मुझहून चौलला उतरला. तेव्हा हा मुलूख बहमनी सुलतानांकडे होता. निकितीनने सोबत एक घोडा आणला होता. दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नसे आणि फौजेला घोडे लागत. त्यामुळे अरबस्तान-इराणचे घोडे हा चौल, दाभोळ आणि गोव्याचा सर्वांत किफायतीचा माल. निकितीनच्या एका घोड्याला शंभर रूबल खर्च आला होता. चौलहून पाली, मग घाट चढून जुन्नर. जुन्नरला पोचला तो पावसाळ्यात. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, ही त्याची तक्रार आपल्याला ओळखीची वाटेल.

जुन्नरचा सुभेदार असद खान याने तो घोडा जप्त केला. मालक मुसलमान नाही, हे कळल्यावर त्याने अट घातली: आमचा धर्म घेतलास तर घोडाही देतो आणि हजार सोन्याची नाणीही देतो. नाही तर घोडा गेला आणि वर हजाराचा दंड. मुदत चार दिवस. या चार दिवसांत एक खुरासानी सरदार जुन्नरला आला, नाव मुहम्मद. निकितीनने त्याच्यापाशी हात जोडले. त्याने असद खानाकडे जाऊन रदबदली केली, घोडा सोडवून आणला आणि धर्म बदलायची अटही काढून टाकायला लावली.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मुले आधी गप्प होतात. असद खानही मुसलमान आणि मुहम्मद खुरासानीही मुसलमान. इतिहासातून फक्त मुहम्मद उचलायचा आणि असद खान खाली ठेवायचा, हे प्रामाणिकपणाचे नव्हे. आणि उलटेही प्रामाणिकपणाचे नाही.

राजधानी नगर, दार चौल

आता नगरकडे येऊ. बहमनी राज्य मोडकळीला आले तेव्हा जुन्नरच्या बाजूला मलिक अहमद हा सरदार होता. त्याने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता उभी केली आणि पुढे सीना नदीकाठी अहमदनगर वसवले. त्याचे वडील मलिक हसन बहरी जन्माने ब्राह्मण होते आणि घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, असे फरिश्ता लिहितो. फरिश्ता हा इराणी इतिहासकार लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला होता आणि निजामशाही दरबारात वाढला. म्हणजे 'बाहेरचा' इतिहासकार 'इथल्या' सुलतानाची कुळकथा लिहून गेला आहे.

नगर कोरड्या पठारावर. पण राज्याला घोडे हवेत, तांबे हवे, रेशीम हवे, हजला जाणाऱ्यांना जहाज हवे. ही सगळी गरज भागवणारे दार म्हणजे चौल. मलिक अहमदने सुरुवातीपासून कोकणातले किल्ले आणि किनारा ताब्यात ठेवला तो यासाठीच. चौलला रेशमी कापड विणणारे मोठ्या संख्येने होते. पुढे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी त्या रेशमाचे कौतुक केले आहे. मालाचे तांडे घाट चढून वर येत.

त्याच काळात समुद्रावर नवी सत्ता आली होती. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला आणि पोर्तुगीजांनी समुद्रच आपला म्हणायला सुरुवात केली. त्यांचा परवाना, ज्याला 'कार्ताझ' म्हणत, तो नसेल तर जहाज लुटायचे. हाजींच्या जहाजालाही तो घ्यावा लागे. याला उत्तर म्हणून मिसरच्या मम्लूक सुलतानाने आरमार पाठवले. त्याचा सेनापती अमीर हुसेन अल्-कुर्दी. दीवचा मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत लढाई झाली आणि पोर्तुगीजांचा पराभव झाला. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथेच मारला गेला. त्याचे जहाज अडकले ते आमच्या कोळी बांधवांनी मासे धरायला खाडीत रोवलेल्या खुंटांत! मोठ्या तोफांच्या लढाईत मासेमाऱ्यांच्या लाकडी खुंटांनी आपले काम चोख बजावले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, व्हाइसरॉयने दीवला त्याचा बदला घेतला आणि समुद्रावरचा तोल पोर्तुगीजांकडे झुकला.

हे ओळखून मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याने १५२१ मध्ये पोर्तुगीजांना खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधायची परवानगी दिली. बदल्यात घोड्यांची आवक चालू राहावी, हा त्याचा हिशेब. तोच रेवदंड्याचा कोट. तेव्हापासून दोन चौल झाली. वरचे चौल निजामशाहीचे, मशिदी-देवळांचे आणि विणकरांचे. खालचे चौल पोर्तुगीजांचे, चर्च आणि तोफांचे. दोन गावांत थोडेच अंतर आणि एकच खाडी.

नगरचा वैद्य आणि हॅम्बुर्गचे पाहुणे

याच बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी एक पोर्तुगीज वैद्य येत असे, गार्सिया द ओर्ता. तो १५३४ मध्ये भारतात आला. सुलतानावर तो उपचार करी आणि त्याच्याशी औषधांविषयी चर्चाही करी. इथल्या वनस्पती आणि औषधांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात 'निजामोशा' म्हणून आमच्या नगरच्या सुलतानाचा उल्लेख वारंवार येतो.

ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. पोर्तुगालमध्ये ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले होते, त्यांपैकी हे घर. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय बसले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढली आणि तीही जाळली. गुन्हा काय, तर आतून ज्यू राहिल्याचा. ज्या माणसाला मुसलमान सुलतानाच्या महालात बसून मोकळेपणाने बोलता येत होते, त्याच्या हाडांना त्याच्याच राज्यात जागा मिळाली नाही.

इथे माझ्या विद्यार्थ्याचे हॅम्बुर्ग परत येते. याच धर्मचौकशीच्या भीतीने पोर्तुगालमधून पळालेली काही ज्यू व्यापारी कुटुंबे त्या बंदरात पोचली. पाद्री त्यांच्या विरोधात होते. पण शहराच्या कारभाऱ्यांनी हिशेब केला. त्या भागातल्या बड्या व्यापाऱ्यांना लोक चेष्टेने 'मिरीच्या गोणी' म्हणत. मिरी येई आपल्या किनाऱ्यावरून आणि तिच्या व्यापाराच्या ओळखी होत्या या पोर्तुगीज ज्यूंकडे. १६१२ मध्ये शहराने त्यांच्याशी करार करून राहायची परवानगी दिली. १६१९ मध्ये हॅम्बुर्गची बँक निघाली तेव्हा तिच्या खातेदारांत हे लोक होते. पुढे १६९७ मध्ये त्यांच्यावर जबर कर लादले, तेव्हा श्रीमंत कुटुंबे उठून दुसरीकडे गेली आणि त्यांची भांडवले त्यांच्याबरोबर गेली. विसाव्या शतकात नाझींनी तर त्याच शहरातून ज्यूंना आगगाडीत कोंबून छळछावण्यांकडे पाठवले. त्या शहराला आज त्याची लाज वाटते, म्हणून तिथे त्याची स्मारके आहेत.

हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभर किलोमीटर आत असूनही टिकले, कारण ते नदीचा गाळ सतत उपसत आले. माणसांच्या मनातल्या गाळाचेही तसेच असावे. उपसणे थांबले की साचतो.

वेढा, दारू आणि गाळ

चौलचे पुढे काय झाले? १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर दख्खनच्या सुलतानांचा आत्मविश्वास वाढला होता. विजापूरचा अली आदिलशाह, नगरचा मुर्तझा निजामशाह आणि कालिकतचा झामोरीन यांनी पोर्तुगीजांना एकदमच हुसकायचे ठरवले. दोन मुसलमान सुलतान आणि एक हिंदू राजा. आदिलशाहाने गोव्याला वेढा घातला आणि मुर्तझाने डिसेंबर १५७० मध्ये खालच्या चौलला.

वेढा सहा-सात महिने चालला. निजामशाही फौज कितीतरी मोठी होती. तरी कोट पडला नाही. फरिश्ता कारण सांगतो ते वाचून मान खाली जाते. निजामशाही अधिकाऱ्यांनी शत्रूकडून नजराणे घेतले, त्यातही विशेषतः पोर्तुगीज दारू, आणि रात्री किल्ल्यात रसद जाऊ दिली. १५७१ मध्ये तह झाला आणि कोट पोर्तुगीजांकडेच राहिला. १५९४ मध्ये तर कोर्लईचा डोंगरही त्यांनी निजामशाहीकडून जिंकला.

आपल्याकडे पराभवाला नेहमी परका कारणीभूत असतो. चौलच्या वेढ्यात मात्र किल्ल्याबाहेर वेढा घालून बसलेल्यांनीच किल्ला विकला.

१६३६ मध्ये निजामशाही संपली. नगरचे दार नगरचे राहिले नाही. वरचे चौल आधी आदिलशाहीकडे आणि पुढे मराठ्यांकडे गेले. १६६८ मध्ये मुंबई बेट इंग्रज कंपनीच्या हाती आले आणि चौलचे विणकर तिथे नेऊन वसवले जाऊ लागले. वसईच्या पाडावानंतर १७४० च्या तहाने पोर्तुगीजांनी रेवदंडाही मराठ्यांना सोडला. तोवर खाडीत गाळ भरत गेला होता. जहाजे मोठी झाली होती आणि चौलचे पाणी उथळ. बंदर कोणी जिंकून संपवले नाही. आधी माणसे गेली, मग पाणी गेले.

खाडीपलीकडची भाषा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्यांना घेऊन तिकडे गेलो. रेवदंड्याच्या कोटाच्या वेशीतून आजही गाड्या जातात आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. झाडीतून सातखणी मनोरा उभा आहे, त्याचे सगळे खण आता शिल्लक नाहीत. चौलला रामेश्वराचे देऊळ पाहिले, हमामखान्याची पडकी वास्तू पाहिली. रेवदंड्यात बेने इस्रायली ज्यूंचे सिनेगॉगही आहे. माझी मुलगी म्हणाली, "अब्बू, एवढ्याशा गावात सगळेच?"

पूल ओलांडून कोर्लईला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथले लोक घरात जी बोली बोलतात, तिच्यात शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची बांधणी पुष्कळशी मराठीच्या वळणाची. त्या बोलीला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षे झाली, तरी थोड्याशा घरांनी ही बोली सांभाळली. एका आजींनी आमच्याशी मात्र खणखणीत कोकणी वळणाच्या मराठीत गप्पा मारल्या आणि आम्ही नगरचे म्हटल्यावर विचारले, "तिकडे पाऊस झाला का ओ?"

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझा अर्धा जन्म शब्दांचे गाव शोधण्यात गेला आहे. परतीच्या एसटीत मी मुलांशी खेळ मांडला. बंदर हा शब्द फारसी. जहाज आणि खलाशी अरबीतून आलेले. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा. ज्याची आम्ही तिसगावात डोळे लावून वाट पाहतो तो मोसमी पाऊस अरबी मौसिमवरून आला. चावी, पगार, तुरुंग पोर्तुगीज. गवंड्याच्या हाताखाली आमच्या बाया उचलतात ते घमेलेही पोर्तुगीज. यांतला एकही शब्द आता परका वाटत नाही. मराठीने कोणाला दाखला मागितला नाही. मागितला असता तर घर बांधताना वाळू कशात उचलली असती, कोण जाणे.

त्या मुलीला काय सांगायचे

एवढे सगळे झाल्यावर मी वर्गात परत त्या प्रश्नाकडे आलो. आपण बाहेरून आलो का?

एक सोपे उत्तर माझ्या हाताशी होते. छाती पुढे काढून सांगायचे, आपण तर हजार वर्षांपूर्वी चौलला उतरलो, राष्ट्रकूटांनी आपल्याला बसवले, हा घ्या पुरावा. पण ते खरे नाही. सैमूरच्या बयासिरांशी नाते सांगायचा हक्क असलाच तर तो कोकणातल्या काही कुटुंबांना असेल. माझे पणजोबा याच भागात गावोगाव फिरून कापूस पिंजत. त्यांच्या पिंजणाला समुद्राचा वारा कधी लागला नाही. ते आले असतील तर याच मातीतून, कुठल्या तरी पिढीत कुठल्या तरी वलीच्या दारात बसून मुसलमान झालेले. त्या मुलीचे पूर्वजही बहुधा तसेच.

आणि समजा एखाद्याचा पूर्वज खरोखरच सिराफहून आला असेल, तर? त्याने तराजू लावला, लग्न केले, जकात भरली, इथेच त्याची कबर झाली. त्याच्या पणतूला हजार वर्षांनी दाखला मागणे जितके चुकीचे, तितकेच पिंजाऱ्याच्या पणतूने दाखला दाखवण्यासाठी खोटे जहाज उभे करणेही चुकीचे.

म्हणून मी तिला एवढेच सांगितले: "बेटा, तुझ्या अब्बांचं दुकान हे त्यांच्या बांगड्या चांगल्या आहेत म्हणून चालतं. कोण कधी आलं हे विचारून बाजार भरत नाही. चौलला दोन हजार वर्षं बाजार भरला, तो असाच."

ती म्हणाली, "आणि आता तिथे बाजार भरतो का?"

मी म्हटले, "भरतो. मासळीचा, भाजीचा. छोटा."

"मग मोठा का बंद झाला?"

मी फळ्यावर खाडी काढली आणि तिच्या तोंडाशी खडूने ठिपके ठिपके देत गेलो. गाळ कसा साचतो ते दाखवायला. घंटा होईपर्यंत ठिपक्यांनी खाडीचे तोंड बुजले होते. ती मुलगी पुढे आली, तिने डस्टर उचलले आणि मधोमध एक वाट पुसून काढली.

हॅम्बुर्गहून निघालेल्या त्या पोराला मी अजून सगळे सांगितलेले नाही. तो रजेवर आला की त्याला आधी चौलला नेणार आहे.